वरचं घर, खालचं घर आणि सहा हद्दी

"मुन्शीजी, एवढंच लिहा. लाकूड माझं, दगड माझा, माती शेटजींची शेटजींना," लाकूडवाला म्हणाला.

मी बोरू शाईत बुडवला आणि छगनशेटकडं पाहिलं. छगनशेट आपल्या ओसरीतल्या खांबाकडं पाहत होते. सात-आठ वर्षांपूर्वी त्यांनी हे दुमजली घर बांधलं, तेव्हा सागवानाची एकेक तुळई स्वतः ठोकून, वास घेऊन निवडली होती. आता तेच लाकूड कोणी दोरीनं मोजत होतं.

मी तेव्हा आंबेजोगाईला कचेरीसमोर झाडाखाली बसून दस्त लिहायचो. कागदोपत्री गावाचं नाव मोमिनाबाद, बोलण्यात आंबेजोगाई. दस्त उर्दूत, भांडणं मराठीत. बैनामा म्हणजे खरेदीखत. कोणी विकलं, कोणी घेतलं आणि घराच्या चारी बाजूंना कोणाची हद्द लागते, हे त्यात लिहायचं. हद्दी चुकल्या की दस्त कुचकामी. त्यामुळं घर कोणाचंही असो, त्याच्या चार भिंतींपलीकडं कोण राहतं हे मला पाठ असायचं.

कापसाची तेजी होती तोवर पेठेत भिंती उभ्या राहायच्या आत वरचा मजला भाड्यानं जायचा. बाहेरगावचे आडते, त्यांचे दिवाणजी, मापाडी, सगळ्यांना जागा हवी असायची. मग कापसाचा भाव उतरला तो उतरलाच. आडते गेले. माड्यांच्या खिडक्या बंद झाल्या. घरं विकायला निघाली, पण विकली जाईनात. पडत्या भावात असंच होतं. घेणारा थांबतो, अजून पडेल म्हणून. विकणारा थांबतो, आता चढेल म्हणून. मधे दस्तलेखक माशा मारतो.

अशात हे परगावचे लाकूडवाले आले. त्यांनी घरांना नवाच भाव लावला. खोल्या किती, उजेड कसा, आडाला उन्हाळ्यात पाणी राहतं का, हे ते विचारायचेच नाहीत. तुळया मोजायच्या, दगड मोजायचा, झालं. उभ्या घरापेक्षा मोडलेल्या घराला जास्त पैसे मिळू लागले. पेठेतली दोन घरं अशी गेली. आज घर, आठ दिवसांनी नुसतं जोतं.

छगनशेटचा कापसाचा धंदा थांबला होता. जालन्याला मुलाचं दुकान बरं चाललं होतं. ते तिकडं निघाले होते. वर्षभर गिऱ्हाईक शोधून थकले आणि शेवटी लाकूडवाल्याला बोलावलं.

मी पहिली ओळ लिहिणार तोच जिन्यावरून मालनबाई उतरली. दोन्ही हात उडदाच्या पिठानं भरलेले.

"शेटजी, ही माणसं माझ्या माळवदावर दोरी लावून काय मोजायलीत?"

मालनबाई वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. नवऱ्यामागं दोन मुलींना घेऊन आली होती. शेवया, पापड, कुरडया करायची आणि माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, वाळवायची. आंबेजोगाईत लग्न निघालं की आधी मालनबाईकडं सांगावा जायचा.

"घर मोडायचं ठरलंय, बाई," छगनशेट हळूच म्हणाले.

"कावून?"

"गिऱ्हाईक नाही."

"मला इचारलं का कुणी?"

छगनशेटना हसू आलं. "तू घेतीस का घर?"

"वरचं घेते," ती म्हणाली. "खालचं त्या धुराचं काय करू?"

खालच्या बाजूला रस्त्याकडच्या दोन खोल्यांत इब्राहीमभाई कल्हईवाल्याचं दुकान होतं, मागं बिऱ्हाड. भात्याचा आवाज थांबला. इब्राहीमभाई दारात आला.

"खालचं मी घेतो, शेटजी. लेकिन वर ही बाई नको."

"मी हाय तिथंच हाय," मालनबाई म्हणाली. "त्यांनीच बघावं म्हणावं, कुठं जायचं ते."

लाकूडवाला मोठ्यानं हसला. "मुन्शीजी, वरचं एकाचं अन् खालचं एकाचं? हवेत लटकलेलं घर कोणत्या कागदावर लिहिणार?"

मला ते लागलं. वीस वर्षं दस्त लिहीत होतो, पण असा एकही लिहिला नव्हता. आमच्याकडं घर विकलं की जोत्यापासून माळवदापर्यंत एकाचंच व्हायचं. भावाभावांच्या वाटण्या व्हायच्या त्यासुद्धा उभ्या, मधे भिंत घालून. आडवं कापलेलं घर मी पाहिलं नव्हतं.

"लिहीन मी," मी म्हणालो. आधी म्हणालो आणि मग विचारात पडलो.

छगनशेटनी लाकूडवाल्याला सांगितलं, "पुढच्या बाजारी या. तोवर ह्या दोघांचं जमलं तर घर त्यांचं. नाही जमलं तर तुमचं. भाव तुम्ही सांगितला तोच."

ह्या दोघांकडं पैसा कुठून आला, असं कोणालाही वाटेल. मंदीत नवं भांडं कोणी घेत नाही. जुन्यालाच कल्हई करून घेतात. इब्राहीमभाईच्या दारात पितळी पातेल्यांची रास लागलेली असायची. मालनबाईचंही तेच. कचेरीत तारखेला आलेल्या माणसांना खानावळ परवडेनाशी झाली होती. ती तिच्याकडं भाकरी-पिठलं खायला लागली. तेजीत ह्या घराचा जिनासुद्धा दोघांना झेपला नसता. लाकडाच्या भावात मात्र ते आवाक्यात आलं होतं.

अडचण पैशाची नव्हतीच. अडचण अशी की दोघं चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलो. वर मालनबाई, खाली इब्राहीमभाई. दोघंही माझ्याशी बोलत होते आणि एकमेकांना ऐकवत होते.

"त्यांना सांगा मुन्शीजी, पापड काळे पडायलेत. लोक इचारतेत, उडदाचे हायेत का कोळशाचे?"

"बाईला सांगा, भट्टी पेटवल्याबिगर कल्हई व्हत न्हाई. फुंकून करू काय?"

तेवढ्यात इब्राहीमभाईची बायको जैनबबी आतून आली. तिच्या हातात झाकलेलं ताट होतं. ती माझ्या बाजूनं वर गेली, मालनबाईच्या हातात ताट दिलं आणि रिकामं ताट घेऊन खाली आली. मी पाहतच राहिलो.

"हे काय?" मी विचारलं.

"शेवयांची परतफेड. दर ईदला शेवया हिच्याच तर असतात आमच्याकडं," जैनबबी म्हणाली. "भांडण ह्यांचं हाय. आमचं कुठं हाय?"

इब्राहीमभाई बायकोकडं पाहत राहिला. चार वर्षं त्यानं ईदला ज्या शेवयांची तारीफ केली त्या वरच्या माळवदावर वाळल्या होत्या, हे त्याला त्या दिवशी कळलं. मालनबाईनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती. मग तोही हसला. खरं तर आमचं अर्धं काम तिथंच झालं.

धुराचा उपाय त्यानंच काढला. जुने पत्रे जोडून, डाख देऊन त्यानं लांब धुराडं केलं आणि मागच्या भिंतीनं माळवदाच्या वर नेलं. उगवतीच्या अंगाला, कारण वाळवणाच्या दिवसांत वारा मावळतीकडून येतो. हे मालनबाईनं सांगितलं. माळवदावर तिच्याइतकं वारं कोणाला कळणार? पहिल्यांदा भट्टी पेटली तेव्हा आम्ही सगळे वर उभे होतो. धूर वर निघाला, थोडा घोटाळला आणि लिंबाच्या झाडावरून निघून गेला. मालनबाईच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

आता माझं काम. धुराडं त्याचं, पण जातं तिच्या भिंतीला लागून. लिहिलं: धुराडं खालच्याचं, ते पडू न देणं खालच्याकडं, त्याला हात न लावणं वरच्याकडं. आड दोघांचा. जिना दोघांचा.

माळवदावर पुन्हा अडलं. पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती टाकून ती चोपावी लागते, नाहीतर गळतं.

"माळवद तिचं, तर माती तिनंच टाकावी," इब्राहीमभाई म्हणाला. आता तो सरळ तिच्याशी बोलत होता. "गळलं तर आधी तुझ्याच डोक्यावर गळंल."

"अन् मग कुणाच्या?" तिनं विचारलं.

त्यानं वर लाकडी तक्तपोशीकडं पाहिलं. "लिहा मुन्शीजी. दोघांनी मिळून."

राहिल्या मधल्या तुळया. तिच्या पायाखालची जमीन म्हणजे त्याच्या डोक्यावरचं छत. त्या कोणाच्या? मी दोन दिवस कागद तसाच ठेवला. मग लिहिलं की मधल्या तुळया दोघांच्या सामाईक आहेत आणि त्यांतली एकही दुसऱ्याच्या मर्जीशिवाय काढता, कापता किंवा विकता येणार नाही. हे वाचून दाखवलं तेव्हा छगनशेट खुर्चीतून उठले.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे हे घर मोडायचं झालं तर दोघांचं एकमत पाहिजे?"

"हो."

"ह्या दोघांचं?" असं म्हणून ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

बाजाराच्या दिवशी सकाळीच आम्ही रजिस्ट्रीच्या कचेरीत गेलो. साहेब हैदराबादकडचे, वयस्कर, कागद अक्षर न् अक्षर वाचणारे. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढला.

"मुन्शीजी, हद्दें चार होती हैं. ये छे कहाँ से लाए?"

"हुजूर, जमिनीवरच्या घराला चार," मी म्हणालो. "बाईंचं घर घरावर आहे. म्हणून खालची हद्द इब्राहीमभाईचं छत, अशी लिहिली."

"और ऊपर?"

"आसमान, हुजूर."

"आसमान किसका है?"

मी कागद चाळू लागलो. मागून मालनबाईचा आवाज आला, "साहेब, ऊन येतंय तेवढं माझं. बाकीचं सरकारचं."

कारकून हसले. साहेबही हसले, पण सही केली नाही. टोपी घातली आणि म्हणाले, "चलो, देखते हैं."

साहेब स्वतः घर पाहायला निघाले, असं मी तोवर पाहिलं नव्हतं. पेठेतले लोक मागं मागं आले. साहेबांनी आड पाहिला, भट्टी पाहिली, जिना चढून माळवदावर गेले. तिथं मालनबाईनं भाजलेले पापड पुढं केले. साहेबांनी एक खाल्ला. दुसरा खाता खाता ते जिना उतरले आणि खालच्या दारापाशी थांबले. ह्या वेळी सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत बोलले.

"मुन्शीजी, जिना दोघांचा लिहिलात. पण जिन्याचं दार इब्राहीमच्या ओसरीत उघडतं. उद्या त्याच्या मुलानं कुलूप लावलं तर ही बाई वर जाणार कशी? उडके?"

मी कपाळाला हात लावला. जिन्याची प्रत्येक पायरी लिहिली होती, दार विसरलो होतो. तिथंच ओसरीवर बसून शेवटची ओळ घातली: जिन्याचं दार कोणीही, कधीही बंद करू नये. साहेबांनी मान हलवली. कचेरीत परत जाऊन अंगठे घेतले, सह्या झाल्या, शिक्का बसला. मालनबाई अंगठ्याची शाई किती तरी वेळ पुसेना.

आम्ही परत आलो तेव्हा लाकूडवाला चार बैलगाड्या आणि करवतकरी घेऊन दारात उभा होता. छगनशेटनी त्याला कागद दाखवला. त्यानं सहा हद्दी बोटांवर मोजल्या, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "जेवायला कुठं मिळंल?" त्याची सगळी माणसं मालनबाईकडं जेवली. जाताना करवतकऱ्यांचं एक पातेलं इब्राहीमभाईनं कल्हई करून दिलं.

छगनशेट दुसऱ्या दिवशी जालन्याला निघाले. गाडीत बसताना मला म्हणाले, "मुन्शीजी, घर एकदा बांधलं आणि दोनदा विकलं. असा व्यापारी पाहिलात का?" त्यांना लाकडाच्या वर एक पैसा मिळाला नव्हता. पण माणूस खूश होता.

त्या साली पेठेतल्या बंद माड्यांच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. विडे विकणारा तांबोळी, शाळेतले मास्तर, दोघे शिंपी भाऊ, ज्यांना पुरं घर कधी घेता आलं नसतं त्यांनी वरचा मजला घेतला, नाहीतर खालचा. मालकांनाही अर्धं-अर्धं करून विकणं सुचलं. लाकूडवाले पेठेत फिरकेनासे झाले. दुसरे दस्तलेखक माझ्या कागदाची नक्कल मागायला यायचे. मी द्यायचो, आणि बजावून सांगायचो की सही घेण्याआधी एकदा तिथं जाऊन जिना चढा आणि उतरा. कागदावर सगळी दारं उघडीच दिसतात.