खाणीकडचा बाण

वेताळ टेकडीवर मी आता पळत नाही. तळजाईला जातो. तिथलं जंगल वाईट आहे असं नाही. झाडं आहेत, मोर आहेत, आणि मोरांपेक्षा जास्त मोरांचे फोटो काढणारे आहेत. पण वाट पायाखालची नाही. पुण्यात ज्यानं वीस वर्षं एकाच टेकडीवर सकाळ काढली, त्यालाच दुसऱ्याच्या टेकडीवर जाणं म्हणजे काय ते कळेल. लोक विचारतात, "काय मास्तर, टेकडी का सोडलीत?" मी म्हणतो, "गुडघे." गुडघ्यांना काहीही झालेलं नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. आमची सात-आठ जणांची टोळी रोज पहाटे पंचवटी वसाहतीच्या बाजूनं चढायची, वेताळबाबाला हात जोडायची आणि तिथून पळत सुटायची. पळत म्हणजे आमच्या मते पळत. बघणाऱ्याला ते चालणंच वाटत असणार. रविवारी मात्र लांबचा पल्ला, आणि दर रविवारी नवी वाट. कधी पाषाणच्या अंगानं गिरिपुष्पाच्या रानातून, कधी खाणीला वळसा घालून चतुःशृंगीकडे. ती वाट शनिवारी संध्याकाळी एकानं जाऊन फक्कीनं आखायची. फक्की म्हणजे शाळेच्या मैदानावर रेघा मारतात ती पांढरी पूड. नियम दोनच. सरळ जायचं तिथं बाण नाही, वळायचं तिथंच बाण. आणि ज्यानं बाण काढला, त्यानंच रविवारी सगळ्यांच्या शेवटी राहून तो पायानं पुसायचा.

आमच्यात एक मोजणी खात्यातले होते. सगळी हयात जमिनींच्या हद्दी काढण्यात गेली, म्हणून आम्ही त्यांना मोजणीवालेच म्हणायचो. वयानं माझ्याहून चारेक वर्षांनी मोठे, पळायला सगळ्यांत हळू, बोलायला सगळ्यांत तिखट. टेकडीवरचा दगड न दगड त्यांना ठाऊक, तरी रविवारी बाणाप्रमाणेच जाणार. "खूण केलीय ना? मग माणसानं खुणेनं जावं," म्हणायचे.

जानेवारीतल्या एका रविवारी वाट माझी होती. खाणीपाशी जिथं वाट फुटते, तिथं मी डावीकडे वळणारा बाण काढला होता. चांगला ठसठशीत. मोजणीवाले तिथं थांबले, कमरेवर हात ठेवून खाली पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्तर, हा बाण आहे की भेंडी?" सगळे खदाखदा हसले. हसण्यासारखंच होतं. पण माझ्या नाकावर राग, तो जन्माचा. पस्तीस वर्षं मुलांच्या चित्रांना शेरे मारले आणि स्वतःच्या बाणाला एक शेरा सोसवेना. शेवटी राहून पुसत निघालो खरा, पण त्या फाट्यावर आलो आणि मनाशी म्हणालो, भेंडी कोण पुसतं? ज्याला खुपली त्यानं पुसावी. आणि तसाच पुढे गेलो.

पुढच्या आठवड्याची वाट दुसऱ्या एकाकडे होती. शनिवारी टेकडीवरूनच त्याचा फोन आला, "मास्तर, निघायला उशीर झाला, अंधारात काही दिसत नाहीये. मागचे सगळे बाण पुसलेत ना?" मी म्हणालो, "पुसलेत." मला तो एक बाण आठवत होता बरं का. पण फाट्यापर्यंत पुन्हा कोण चढणार? आणि राहिला एक बाण तर काय आभाळ कोसळणार आहे?

त्या रविवारी फाट्यावरून सरळ जायचं होतं. म्हणजे तिथं नवा बाण नव्हताच. त्या दिवशी वाट आखणारा शेवटी राहायचं सोडून गप्पांच्या नादात पुढे निघाला, आम्ही सगळे त्याच्या मागे, आणि मोजणीवाले नेहमीसारखे सगळ्यांच्या मागे. मी स्वतः तिथून गेलो आणि खाली पाहिलंसुद्धा नाही. खाली उतरून टपरीवर चहा मागवला, तेव्हा एक कप उरला. पंधरा मिनिटं आम्ही मोजणीवाल्यांच्या हळू पळण्यावर विनोद केले. मग विनोद संपले. त्यांचा फोन लागेना. पाच जण पाच वाटांनी परत चढलो.

फाट्यावर मी एकटा पोचलो. झाडाखाली, दवानं घट्ट बसलेला, आठ दिवसांत जरासुद्धा न विस्कटलेला माझा बाण तिथं होता. डावीकडून, खाणीच्या अंगाकडून, हाका ऐकू येत होत्या. त्यांच्याच हाका. आता सांगतो ते आजवर लिहिलं नव्हतं. मी त्या हाकांकडे धावलो नाही. आधी तो बाण पुसला. बुटानं घासून, वर माती लोटून, नीट पुसला. मग धावलो.

डावीकडे वळल्यावर पुढचा बाण दिसेना, म्हणून तो शोधत ते खाणीच्या उतारावर गेले होते आणि मुरमावरून घसरले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. दीड तास ते उन्हात पडून होते. उचलताना म्हणाले, "बाण होता हो तिथं. बाण बघूनच वळलो मी." दोघं जण फाट्यावर जाऊन बघून आले. म्हणाले, "तिथं काही नाही." मी मान खाली घालून स्ट्रेचर धरलं होतं.

हाड जुळलं, हो. पण ज्यानं जन्मभर दुसऱ्यांना हद्द दाखवली, तो माणूस स्वतःच्या टेकडीवर चुकला, आणि वर नसलेला बाण दिसला म्हणतो! घरच्यांना दुसरंच भय वाटायला लागलं. मुलगा आयटीत, काळजी करणारा, चांगला मुलगा. "बाबा, प्लीज, रिस्क नको," म्हणाला. स्कूटरची किल्ली गेली. बँकेची कामं गेली. नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडायचे, ते बंद झालं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं सगळं ठीक आहे. त्यातलं 'वयाच्या मानानं' एवढंच घरात राहिलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बोलायला गेले की सगळे मायेनं गप्प करायचे.

मी दर गुरुवारी त्यांच्याकडे जायचो. का जायचो? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. दर वेळी आज सांगायचं असं ठरवून जिना चढायचो, आणि वहिनी पोहे आणून ठेवायच्या, आणि मी पोहे खाऊन उतरायचो. असे दोन जानेवारी गेले. त्यांचा तिखटपणा हळूहळू उतरला. पाणी प्यायला उठले तरी वहिनींना विचारायचे, "अगं, गॅस मी चालू नाही ना ठेवला?" गॅसला त्यांनी हातही लावलेला नसायचा.

एका गुरुवारी ते टेबलाशी टेकडीचा नकाशा काढत बसले होते. मनानंच. मी जवळ जाऊन पाहिलं. एकही पायवाट सुटली नव्हती, खाणीचा काठ जसाच्या तसा. माझ्या चौथी-पाचवीच्या हुशार मुलांनी समोर बघून काढलं असतं त्याहून नेमकं. फाट्यावर त्यांनी डावीकडचा बारीक बाण काढला होता. बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले, आणि मग खोडरबर घेऊन तो खोडला. म्हणाले, "नव्हताच तो, मास्तर. उगीच दोन वर्षं भांडलो सगळ्यांशी."

मला बसवेना. म्हणालो, "होता. मी काढलेला. त्याच्या आदल्या आठवड्याचा, तुम्ही भेंडी म्हणालात तोच. मी रागानं पुसला नाही. आणि तुम्ही पडलात तेव्हा, तुमच्या हाका ऐकत असताना, पुसला." सगळं सांगितलं. फोनवर खोटं बोललो तेसुद्धा.

त्यांनी खोडरबर खाली ठेवलं. मग स्वयंपाकघराकडे वळून मोठ्यानं हाक मारली, "अगं, बाहेर ये. हे काय म्हणताहेत ते ऐक! परत सांगा मास्तर, पहिल्यापासून सांगा." किती दिवसांनी त्यांचा तो आवाज ऐकला मी! वहिनी पदराला हात पुसत आल्या. मी पहिल्यापासून सांगितलं.

वहिनींचे डोळे भरून आले. "भाऊजी, तुमचं मन फार मोठं हो. त्यांना बरं वाटावं म्हणून दोष स्वतःच्या डोक्यावर घेताय. पण हात जोडते, आता पुन्हा टेकडीचं वेड नका लावू त्यांना."

"अहो वहिनी, खरंच सांगतोय!"

"खरं ना?" मोजणीवाल्यांनी विचारलं. ते पुढे सरकून बसले होते. "मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत? मी स्ट्रेचरवरून ओरडत होतो, बाण होता, बाण होता. तुम्ही डोक्याशीच होतात. दोन वर्षं दर गुरुवारी येताय. का नाही सांगितलंत?"

मी तोंड उघडलं. जन्मभर मुलांना हाताची घडी, तोंडावर बोट सांगितलं, ती शिक्षा त्या क्षणी माझ्याच वाट्याला आली. लाज वाटली, एवढं एकच उत्तर होतं, आणि ते दोन शब्द बाहेर येईनात. ते थांबले. मला हवा तेवढा वेळ दिला त्यांनी.

मग ते पुन्हा मागे टेकून बसले. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच थोपटलं आणि म्हणाले, "असू द्या, मास्तर. तुम्ही म्हणालात, तेवढंच बरं वाटलं."