वायर माझ्या खिशात होती

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मोटर रिवाइंडिंगवर पोट भरणाऱ्या माणसाचा नसतोच... सर्किट पूर्ण असेल तर करंट जाणार, नसेल तर नाही. म्हणूनच इतकी वर्षं हे कुठे बोललो नाही. पण डोक्यातून जातही नाही, तेव्हा एकदाचं लिहून टाकतो.

२००६ च्या आसपासची गोष्ट. माझं वर्कशॉप कोल्हापुरात, उद्यमनगरात; गाव मुरगूडजवळ. घर वर चढावर आणि म्हशींचा गोठा खाली ओढ्याकडेला. माझे वडील, आबा, गुडघ्यांनी पार बेजार झालेले, तरी दोन्ही वेळच्या धारेला स्वतःच उतरायचे. "दुसऱ्याचा हात लागला की म्हस दूध चोरती," म्हणायचे. मी आठवडाभर राबून रविवारी गावी यायचो, त्यांची बोलणी खायचो आणि संध्याकाळच्या एसटीने परत. माझ्या धंद्याबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं — "तारा जोडत बसतंय."

पन्हाळ्याकडचं एक रिसॉर्ट बंद पडलं, तिथली जुनी गोल्फ कार्ट मला भंगारात मिळाली. बॅटरीवर चालणारी, छत्तीस व्होल्टची. आबांना बसवून खाली नेली, झकास गेली. परत येताना मात्र चढाच्या मध्यावर जी बसली ती बसलीच. तशीच मागे उतरवून गोठ्यात लावली.

"ह्यापरीस रेडा बरा," आबा म्हणाले.

मग ठरवलं, अठ्ठेचाळीस व्होल्टची करायची. सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या काढून आठच्या सहा बसवायच्या, कंट्रोलर बदलायचा, वायरी जाड घालायच्या. कितीतरी रविवार त्यातच गेले. अंग नुसतं दुखायचं, पण म्हटलं, म्हाताऱ्याचे गुडघे तरी सुटतील.

शेवटच्या रविवारी एकच वायर राहिली होती, दोन बॅटऱ्यांना जोडणारी. माहीत नसलेल्यांसाठी सांगतो, या बॅटऱ्या एकापुढे एक साखळीने जोडतात. मधली एक वायर नसली की सगळी गाडी मेली. त्या वायरच्या टोकाला तांब्याचा लग, म्हणजे बॅटरीला घट्ट आवळायची भोकाची टोपी, बसवून कथील ओतायचं होतं आणि नेमकं लोडशेडिंग... म्हणून वायर घेऊन वर घरी निघालो, गॅसवर तापवायला. आबा गोठ्यात वैरण टाकत होते.

"गाडीला हात लावू नका," मी म्हणालो.

"मला काय करायचीया तुझी गाडी?"

घरी आईनं सांडशीत वायर धरली, मी कथील सोडलं, नळाखाली गार केली. तेवढ्यात अंगणात मोटरचा घूं आवाज आला. आईनं माझ्याकडे बघितलं. बाहेर आलो तर गाडी दारात उभी. आबा आत — स्टिअरिंगवर नव्हेत, शेजारच्या सीटवर. घामानं भिजलेले, छातीवर हात, तोंडातून शब्द फुटेना.

विचार करायला वेळच नव्हता. शेजाऱ्यांच्या जीपमध्ये घातलं आणि कोल्हापूर गाठलं. अजून उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, डॉक्टर म्हणाले. मी बाहेर बाकड्यावर टेकलो, तर मांडीला काहीतरी टोचलं. खिशात हात घातला... वायर.

आबा जरा सावरल्यावर गावी गेलो आणि सीट उचलून बघितलं. दोन बॅटऱ्यांमधली ती जागा मोकळीच होती. पेडल दाबलं, गाडी ढिम्म. वायर जोडली, सुरू झाली. कुणी ढकलत आणली असेल म्हणून सगळ्यांना विचारलं. कुणीच नव्हतं. आणि मोटरचा आवाज तर आईनंही ऐकला होता.

शेवटी आबांनाच विचारलं. "कोणी आणलं तुम्हाला वर?"

"तूच की."

"मी घरात होतो, आबा. आईला विचारा."

"मग श्येजारी कोण बसलं हुतं?" ते म्हणाले. "हाक मारली तर वळून बी बघितलं न्हाईस. म्हटलं, रागावलंय पोरगं." मग माझ्या हातावर हात ठेवला. "येळंला आलास, बाबा."

असा हात त्यांनी पूर्वी कधी ठेवल्याचं मला आठवत नाही. मला तिथंच रडू आलं.

पुढे ते डेअरीवर भेटेल त्याला सांगायचे, पोरानं आणलं म्हणून हाय मी. आधी मी खोडून काढायचो. मग कंटाळलो आणि गप्प बसायला लागलो.

आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाडी गोठ्यात पडून आहे. मी अजून तारा जोडतोय आणि त्या दिवशी करंट कुठून गेला, ते मला अजून कळलेलं नाही. भीती म्हणाल तर वाटत नाही. फक्त वाईट वाटतं... वेळेला आलास, असं आबा मला जन्मात एकदाच म्हणाले, आणि मी तर आलोच नव्हतो.