मेतकुटाची पुडी

वॉर्डनबाईंनी आईच्या पुड्या सगळ्यांसमोर उघडल्या. मेतकूट. सुंठ. ओव्याची पूड. आई लंडनच्या वेम्बलीहून पाठवायची, कागदात घट्ट बांधून. बाईंनी पेन्सिलीच्या टोकाने मेतकूट उकरलं, नाकाशी धरलं.

"हे नेमकं काय आहे?"

"भातावर घालतात."

फायरप्लेसपाशी उभ्या क्लबच्या पोरी हसल्या.

ब्रिस्टल. ऐंशीचं दशक संपत आलेलं. युनिव्हर्सिटीतला मुलींचा हॉल, म्हणजे हॉस्टेल, आणि त्यात बड्या घरच्या मुलींचा हा क्लब. मला घेतलं, कारण फोटोत एक ब्राउन चेहरा बरा दिसतो. हे तेव्हा कळलं नाही. मी खूश होते. नियम एकच, आतली गोष्ट बाहेर न्यायची नाही. रविवारचं जेवण झालं की त्यांची पांढरी पावडर टेबलावर फिरायची. त्या तिला 'शुगर' म्हणायच्या.

एका रविवारी माझी रूममेट फिओना बाथरूममध्ये पडली. ओठ निळे. क्लबची प्रमुख हॅरिएट म्हणाली, "झोपू दे. उठेल ती."

मी अँब्युलन्स बोलावली.

फिओना वाचली. चौकशी लागली. हॅरिएट शांतपणे म्हणाली, "हिची आई हिला पावडरी पाठवते." बस. झडती फक्त माझ्या कपाटाची झाली, आणि आईच्या पुड्या सगळ्यांसमोर उघडल्या गेल्या.

पुड्यांत काहीच निघालं नाही. तरी बाबांना बोलावलं. बाबा बस चालवायचे. ड्यूटीच्या युनिफॉर्ममध्येच आले.

"मुलीने क्लबची बदनामी केली. माफी मागितली तर विषय संपेल," बाई म्हणाल्या.

कशाबद्दल, हेही न विचारता बाबांनी हात जोडले. "सॉरी मॅडम. लहान आहे ती."

मी ते हात धरून खाली केले.

"बाबा, तुम्ही सॉरी म्हणायचं नाही. मीही म्हणणार नाही."

"अगं, डिग्रीचं काय?"

हॉल सोडावा लागला, युनिव्हर्सिटी नाही.

फिओना त्याच टेबलावर परत बसू लागली. एकदा लायब्ररीबाहेर भेटली. हाडं दिसत होती. सिगारेट तिला पेटवता येत नव्हती. "उगाच तमाशा केलास तू," म्हणाली. मी काडी धरली. तेवढंच जमलं. सांगायला गेले तर बाई दार उघडत नव्हत्या, फिओनाच्या घरचे माझा आवाज ऐकला की फोन ठेवत होते.

आता दर रविवारी जेवणाच्या वेळी मी हॉलच्या गेटसमोर पत्रकं वाटते. ओठ निळे दिसले तर थांबू नका, अँब्युलन्स बोलवा. पावडर कुणाची, तेही नाव घेऊन सांगा. गेटवरचा पोर्टर हाकलतो. पोरी पत्रक चुरगाळून टाकतात. मी उचलते, सरळ करते, पुढचीच्या हातात देते.

त्यांना हवी होती ती माफी मिळणार नाही.