मेव्हण्याच्या विमानाचं टायमिंग

रविवारी सकाळी ०७४० वाजता मी मेव्हण्याच्या विमानाचं टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी कधी पडते ते, उलट्या बाजूनं मोजलं. वीस वर्षं हवाई दलात इंजिन फिटर होतो, सार्जंट म्हणून बाहेर पडलो, आणि पंखा कुठल्या बाजूला फिरतो तेच विसरलो. दिशा पायलटच्या सीटवरून सांगायची असते. मी समोर उभा राहून सांगितली. मेव्हणा प्रकाश सीटवर बसला होता. तो अदबीनं म्हणाला, "दाजी, असा फिरला तर विमान मागं जाईल. मागं म्हशी हायेत."

खडूची खूण पुसली, दुसऱ्या बाजूला केली. चूक कबूल करायला मला तीन मिनिटं लागली, ती रिपोर्टमध्ये धरू नयेत.

ठिकाण टोकावडे, सासऱ्यांची कोंबड्यांची जुनी शेड. कोंबड्या गेल्या, वास राहिला. प्रकाश भातसानगरला धरणावर वायरमन आहे. सात वर्षं सुट्टीच्या दिवशी त्यानं एका माणसाचं विमान बांधलं: नळ्या, प्लायवूड, वर कापड. इंजिन जुनं, चार सिलिंडरचं. उडायच्या परवानगीचे कागद अजून फिरत होते. त्या दिवशी फक्त इंजिन सुरू करायचं होतं. मुहूर्त अकराचा.

टायमिंगसाठी मला बोलावलं याचं कारण मीच. तीस वर्षं सासरी मी अशा गोष्टी सांगितल्या, की देशातलं कुठलंही विमान मला विचारल्याशिवाय जमीन सोडत नव्हतं असा इथं समज आहे. शेवटची आठ वर्षं मी स्टोअरमध्ये ब्लँकेटं देत होतो, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पण काम गमतीचं नव्हतं. या इंजिनाला स्टार्टर नाही. पंखा हातानं ओढून सुरू करायचा, आणि ओढणार प्रकाश. ठिणगी वेळेआधी पडली तर पंखा उलटा येतो आणि ओढणाऱ्याचा हात मोडतो. तो हात माझ्या बायकोच्या एकुलत्या एका भावाचा होता. वंदनानं निघतानाच मला एवढं एकच सांगितलं होतं.

मी प्लग काढले. एक नंबरच्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा ठेवला, प्रकाशनं पंखा हळू फिरवला, हवेनं अंगठा उडवला. तिथून खूण पकडली. पिस्टन वर पोचण्याच्या पंचवीस अंश आधी ठिणगी हवी. ठिणगी देतो मॅग्नेटो. त्याला बॅटरी लागत नाही, पंखा फिरला की तो स्वतःच वीज बनवतो. त्याची खटक्याकडे जाणारी वायर काढली आणि तिथं प्रकाशनं घरी बनवलेली तपासणीची पेटी लावली. पेटीवर लाल दिवा. तो एकोणतीसवर लागला. चार अंश लवकर. नट सैल केला, मॅग्नेटो केसभर फिरवला, पुन्हा पाहिलं. ०९२५ वाजता दिवा बरोबर पंचवीसवर लागला. मला इतका आनंद झाला की मी प्रकाशला हुकूम दिला, "प्लग बसव, वायर जोड, मी आलो," आणि चहाला गेलो.

हवाई दलात आमच्यात नियम आहे. ज्यानं उघडलं त्यानं बंद करायचं, दुसऱ्यानं बघायचं, मग सही. मी तिथं कांदाभजी खात होतो.

१०२५ वाजता परत आलो तर शेडसमोर सासरची सगळी माणसं. पंख्याच्या खालच्या पात्याला दोरीनं एक पत्र्याची पाटी लटकवलेली, लाल अक्षरांत: 'काम चालू आहे. लाइन सुरू करू नये.' धरणावर खांबावर चढताना प्रकाश लावतो तीच. मी हसलो. मग इंजिनाकडे पाहिलं. मॅग्नेटोची वायर सुटी लोंबत होती, टोकाला व्यवस्थित टेप गुंडाळलेली. प्लग चारही जागेवर. वंदना एका हातात हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. हार बांधायला वरच्या पात्याचं टोक उंच पडत होतं, म्हणून दुसऱ्या हातानं ती पातं खाली ओढायच्या बेतात होती.

मी परेड ग्राउंडवरच्या आवाजात ओरडलो, "स्टँड स्टिल!"

सासरे ताठ झाले. सासूबाई ताठ झाल्या. एक म्हैस चरायची थांबली. वंदना फक्त म्हणाली, "थांबा हो, हार तर घालू दे."

लग्नाला तीस वर्षं झाली, हुकूम तिला लागू नाही हे मला माहीत असायला हवं होतं. मी धावलो, तिचं मनगट धरून बाजूला ओढलं. ताट उडालं. कुंकू माझ्या डोक्यावर, हळद सासऱ्यांच्या टोपीवर.

प्रकाश रागावला. "दाजी, काय करताय? बायका पूजेला येणार म्हणून वायर मी मुद्दाम काढूनच ठेवली. लाइन मेलेली हाय. वर पाटी लावली."

"मेलेली नाही. वायर काढली म्हणून जिवंत आहे."

"वायर काढल्यावर जिवंत? दाजी, तीस वर्षं खांबावर चढतोय मी."

त्याचं बरोबर होतं, त्याच्या खांबावर. वायर काढली की लाइन मरते, म्हणून तो आजवर वाचला. मॅग्नेटोची वायर मात्र वीज आणत नाही, ती वीज मारायला असते. खटका बंद केला की वीज तिच्यातून इंजिनाच्या अंगात जिरते. वायर सोडली की मॅग्नेटो मोकाट. हे मी सकाळीच सांगायला हवं होतं. मला वाटलं, वायरमनला वायर काय शिकवायची?

कुणाचाच विश्वास बसेना. सासूबाई सुनेला हळूच म्हणाल्या, जावईबापूंना ऊन लागलं असेल. म्हणून मी चारही प्लग काढले, एकाला प्लगची वायर लावून इंजिनावर आडवा ठेवला, सगळ्यांना मागं घेतलं आणि पातं हातानं हळू फिरवलं. टक्. निळी ठिणगी. पाटी पात्याला हलत होती.

प्रकाश खाली बसला. म्हणाला, "ताई पातं ओढत होती."

"हो."

"आणि पाटी मी लावली."

"चूक तुझी नाही. सही माझी हवी होती."

मग त्यानं विचारलं, मला इतक्या लांबून ते कसं दिसलं? त्याला सांगितलं, सगळ्यांसमोरच. माझं दुसरं पोस्टिंग, ट्रेनिंगच्या विमानांचं स्टेशन. कॉर्पोरल तपन बिस्वास, वय चोवीस. सकाळी ०६१० वाजता तो पंखा पुसत होता. खटका बंद होता. आतली वायर तुटलेली होती. पुसताना पंखा फिरला. मी विमानाच्या दुसऱ्या बाजूला होतो, हातात दुसरं फडकं होतं. इतकंच.

वायर जोडली, खटका तपासला, विमानाची शेपटी आंब्याला बांधली, चाकांना दगड लावले. मुहूर्त टळून गेला होता. १२०५ वाजता मी सीटवर, प्रकाश पंख्याशी.

"स्विच ऑफ?" त्यानं विचारलं.

"ऑफ."

दोनदा फिरवला.

"काँटॅक्ट?"

"काँटॅक्ट." मी खटका चालू केला.

तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं. चार मिनिटं चाललं. शेडमधली सात वर्षांची कोंबड्यांची पिसं एकदम उडाली आणि सासरच्या सगळ्या माणसांवर बसली. प्रकाशनं दोन्ही हात वर करून दाखवले. दहाही बोटं.

परतीला मोटारसायकलवर वंदना मागं बसली होती. माझ्या मानेवर अजून कुंकू होतं. मला वाटलं, सगळ्यांदेखत मनगट धरून ओढलं, त्याचं निघणार. सरळगावला बस पुढं जाऊ दिली तेव्हा तर ती माझ्यापासून जरा सरकूनच बसली होती.

शहापूरला घरासमोर गाडी लावली. ती उतरली, पदर झटकला, दोन पिसं पडली.

म्हणाली, "तीस वर्षं विमानाच्या इतक्या गोष्टी सांगितल्या, आणि त्या पोराची एक नाय सांगितली. यंदा पित्रांना त्याचंही एक पान वाढू." कुलूप काढता काढता थांबली. "बंगाली ना तो? मग मासे लागतील. पित्राला मासे चालतात का ते आईला विचारायला हवं."