आजीच्या नावाची पाटी

हे मी घरी बोलले नाही. वैशालीजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही.

पहिल्या वर्षाला असताना आमच्या कॉलेजात मातीच्या पाट्या केल्या होत्या. लोकांना जे येतं ते ओल्या मातीवर कोरायचं, भट्टीत भाजायचं, भिंतीत बसवायचं. कागद कुजतो, मोबाइल बंद पडतो. भाजलेली माती हजारो वर्षं टिकते, असं सर म्हणायचे. माझं अक्षर चांगलं, म्हणून कोरायचं काम माझ्याकडे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच — मला त्या कामाचा फार अभिमान होता.

मैत्रीण वैशाली, तिने भिवापूरहून आजीला आणलं. घरच्या मिरचीचं बियाणं कसं राखायचं ते आजी सांगणार होती. आधी कागदावर उतरवायचं नाही, माणूस बोलेल तसं थेट मातीत — अशी आमची पद्धत. मी घाईघाईने कोरत होते. "सावकाश लिही वं पोरी," आजी म्हणाली, "मी का पळून राहिली?"

दुसऱ्या दिवशी ती पाटी उचलताना माझ्या हातून पडली. अर्धवट वाळलेली — तुकडे झाले, अक्षरं चेपली गेली.

आजी संध्याकाळपर्यंत शहरातच, महाल भागात, वैशालीच्या खोलीवर होती. कॉलेजजवळच्या सीताबर्डीहून ऑटो मिळाला असता. का नाही गेले? हिला एवढंही जमलं नाही, असं कोणी म्हणेल म्हणून? बहुतेक तेवढंच.

मी नवी पाटी घेतली. फळ कोणतं निवडायचं ते आठवत होतं. पुढे बी कसं वाळवायचं, कशात ठेवायचं — आठवेना. मग मीच लिहिलं. कडक उन्हात वाळवा. डब्यात घट्ट बंद करा. खाली आजीचं नाव कोरलं.

पाटी भाजली, भिंतीत बसली. अजून आहे.

त्या हिवाळ्यात आजी गेली. बियाण्याला ती कुणाला हात लावू देत नसे. म्हणून वैशालीच्या आईने पाटीचा फोटो समोर ठेवून सगळं केलं. पेरलं तेव्हा एकही बी उगवलं नाही. राखलेलं होतं ते तेवढंच. आता ते दुकानातून बियाणं आणतात.

मला हे त्यांच्याच घरी, जेवताना कळलं. "बुढीनं तं बराबर सांगतलं होतं," काकू म्हणाल्या, "आमच्याच हातून काही चुकलं असन."

"असेल, काकू," मी म्हटलं.

त्यांनी आणखी भात वाढला. मी जेवले.