बाटली माझी होती

शेवंताबाई गेल्याचं शेजारच्या वहिनींनी कुंपणापलीकडून सांगितलं. "तुमच्या मिनूले सांभाळत होती ना, ते शेवंता वारली, मॅडम. कावीळ झाली होती." मी "अरेरे" म्हटलं आणि कपडे वाळत घालत राहिले. दुसरं काय म्हणणार होते... चार वर्षांपूर्वी याच वहिनींच्या देखत मी त्या बाईंना नको ते बोलले होते.

कुरखेड्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. नवऱ्याची नोकरी चंद्रपूरला, त्यामुळे माझी मुलगी मिनू सात महिन्यांची असल्यापासून शेवंताबाईंच्या हातात वाढली. त्यांचा नवरा तलावात मासे धरायचा. त्या स्वतः भाताच्या रोवणीला जायच्या, पण मिनूसाठी त्यांनी रोवणी सोडली. तिचे पहिले दोन दात त्यांनाच आधी दिसले. तेव्हापासून भरवून झालं की बोटाला धुतलेलं फडकं गुंडाळून त्या तिचे दात आणि हिरड्या पुसायच्या. अंगणवाडीतल्या बैठकीत तसं सांगितलं होतं म्हणे. त्या बैठकीचं बोलावणं मलाही होतं. मी गेले नव्हते.

मी मात्र मिनूला निजवताना साखर घातलेल्या दुधाची बाटली द्यायचे. ती चोखत झोपी जायची आणि मला वह्या तपासायला मिळायच्या. एकदा शेवंताबाई सकाळी आल्या तेव्हा बाटली अजून तिच्या तोंडातच होती.

"साखर नोका टाकू, मॅडम. दाताले कीड लागते."

मी हसले. "अहो, दुधाचेच दात आहेत. पडायचेच आहेत."

"पडाचे हायेत, पण तवरीक दुखतीन ना जी."

त्याच आठवड्यात मी वर्गात दातांच्या किडीचा धडा शिकवला होता, हेही इथे लिहायला हवं.

मिनू अडीच वर्षांची झाली तेव्हा तिचे वरचे पुढचे दात आधी तपकिरी, मग काळे पडले. एका सकाळी पोळीचा तुकडा चावताना ती किंचाळली. हिरडी सुजली होती. मी घाबरले, आणि घाबरल्यावर मला दोषी कोणीतरी हवं होतं. शेवंताबाई स्वतः गुडाखू घासायच्या, तंबाखू आणि गुळाचं ते काळं मंजन. अंगणात, वहिनी बघत असताना, मी ओरडले, "तुम्हीच लावली असणार हिच्या दातांना गुडाखू!"

"म्या काऊन लावीन जी? लेकरू हाय ते..."

मी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणाले. त्यांनी चपला पायात घातल्या आणि गेल्या. सुजल्या तोंडानं मिनू फाटकाशी उभी राहून रडत होती.

चार दिवसांनी गडचिरोलीच्या दातांच्या डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून पाहिलं आणि विचारलं, "झोपताना बाटली देता का? साखर घालून?" मला तेव्हाच सगळं समजलं. तरी मी म्हणाले, "सांभाळणारी बाई देत असेल." चार दात काढावे लागले. मिनूचे हात मी धरून ठेवले होते.

पुढे एकदा बाजारात शेवंताबाई समोर आल्या. मिनूच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "आता दुखत नाई ना व?" मिनूनं मान हलवली. त्या माझ्याकडे बघून हसल्या. मी म्हणाले, घाईत आहे. त्यानंतर त्या दिसल्या की मी दुसऱ्या गल्लीनं जायचे.

त्या गेल्यावर तीन आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेले. सून सुनीता कडेवर वर्षाचं बाळ घेऊन पाणी घेऊन आली. म्हणाली, "सासूबाई मिनूचं नाव लय घेत. त्याईनं गुडाखू सोडली होती, मॅडम. म्हणत, म्या लावली तं नाई, पण माह्या बोटाले रायली असंल का? लेकराचे दात माह्याच हातानं गेले का?"

म्हणजे माझा आरोप त्यांनी खरा मानून पाहिला होता. चार वर्षं.

खाटेवर बसून मग मी सांगितलं. साखर, बाटली, डॉक्टरांचा प्रश्न, माझं उत्तर. सुनीता बाळाला थोपटत ऐकत होती. माझं संपल्यावर एवढंच म्हणाली, "हे तुमी त्याईले सांगाले पाहिजे होतं."

मी उठले. "येते" म्हटलं. एरवी इथे निघणाऱ्याला कोणीही "या जी" म्हणतं. सुनीता बाळाला घेऊन आत गेली.