गार पाण्यातली विचारपूस

माझ्या दुकानात एक बादली आहे. निळी, प्लास्टिकची, काठाला जराशी चिरलेली. सकाळी दुकान उघडलं की मी तिच्यात पाणी भरतो, वर बर्फाचे खडे टाकतो आणि ती गल्ल्याशेजारच्या स्टुलावर ठेवतो. माझ्याकडे पाण्याखाली जायचं सगळं सामान मिळतं: रबरी पोशाख, मास्क, हवेच्या टाक्या, पायात घालायचे पंखे. बाकी काहीही घ्या, मी अडवणार नाही. पण हातमोजे मात्र बादलीत हात घातल्याशिवाय मी विकत नाही. लोक नाकं मुरडतात. “यातच काळा रंग दाखवा ना,” म्हणतात. खाली अंधारात तुमचा रंग बघायला कोण बसलंय, असं मी विचारतो. आधी हात घाला, गारठू द्या, आणि मग त्याच हातानं ही पितळी कडी उघडून दाखवा. उघडली तर हातमोजा तुमचा, नाही तर दुसरा बघा. या हट्टापायी माझी काही गिऱ्हाइकं कायमची तुटली. तुटू देत.

मी स्वतः पाण्यात उतरत नाही. घोट्याच्या वर पाणी आलं की मी मागे फिरतो. बादलीची रीत मला माझ्या मावशीनं शिकवली, आणि सांगायचं आहे ते तिच्याबद्दलच.

मावशी आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, दोघंही शहराच्या पाणीपुरवठ्यात पाणबुड्यांचं काम करतात. शहर ज्या तलावाचं पाणी पितं त्याच्या तळाशी मोठाले पाइप आहेत, आणि पाइपांच्या तोंडांवर लोखंडी जाळ्या. जाळ्यांवर शेवाळ धरतं, शिंपले चिकटतात, ते खरवडायचं. डोंगरावरचं बर्फ वितळून तलावात येतं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही खालचं पाणी हाडांत शिरतं. वर पाणी हिरवं असतं, थोडं खाली गेलं की तपकिरी, आणि मग नुसता काळोख. दिवा लावला तर गाळ तेवढा उजळतो. म्हणून हे दोघं एका हातानं खरवडतात आणि दुसऱ्या हातानं एकमेकांचा हात धरून ठेवतात. एकदा दाबलं तर “बरं आहे ना?” समोरच्यानंही एकदा दाबलं की “बरं आहे.” दोनदा म्हणजे थांब. तीनदा म्हणजे वर चल, कारण विचारू नकोस.

जमिनीवर या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी कधी पाहिलं नाही. खिडकी उघडी ठेवायची की लावायची, यावर त्यांनी अख्ख्या दुपारी घालवल्या आहेत. काकांना गप्प बसवत नाही. मावशीनं कुणालाही काही विचारलं तरी उत्तर काका देतात. लहानपणी मी सुट्टीत त्यांच्याकडे राहायला जायचो तेव्हा मावशीला विचारलं होतं, “खालीपण भांडता का गं?”

“खाली तोंडात नळी असते,” ती म्हणाली होती. “खाली फार छान असतं. आपल्याला वजन नसतं. वर कुठे, खाली कुठे, तेही कळेनासं होतं. डोळे उघडे ठेवले काय नि मिटले काय, सारखंच. एक हात तेवढा असतो. त्या हाताच्या पलीकडे तुझे काका असतात.”

त्यानंतर मी पांघरुणाबाहेर एक हात ठेवून झोपायचो. झोप लागता लागता वाटायचं की खोली हळूहळू भरते आहे, खाट सुटून वर आली आहे, आणि आता कुणीतरी माझा हात एकदा दाबेल. मी मनात उत्तर तयार ठेवायचो.

गेल्या वर्षी काकांची बोटं गारठ्यानं पांढरी पडायला लागली. साधा दुधाचा थंड पेला धरला तरी टोकं मेणासारखी व्हायची. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की हात उबदार ठेवा, नाही तर पाणी सोडा. खात्यातले साहेब भले माणूस. ते म्हणाले की काकांना किनाऱ्यावरचं काम देऊ आणि मावशीला दुसरा जोडीदार. मावशीनं ऐकून घेतलं आणि घरी येऊन जाहीर केलं की दुसऱ्या कुणाचा हात धरून ती त्या काळोखात उतरणार नाही. उतरायचं तर यांच्याबरोबर, नाही तर दोघांनीही घरी बसायचं. बारा महिने खिडकीवरून भांडत बसण्याचं चित्र माझ्याही डोळ्यांपुढे उभं राहिलं. राहता राहिला एकच उपाय: चांगले हातमोजे.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना दोघं आली. ऊन तिरपं होऊन बादलीवर पडलं होतं आणि पाण्याचा कवडसा छतावर हलत होता. मावशी त्याच्याकडे बघतच स्टुलाशी टेकली. काकांनी आपले जुने हातमोजे टेबलावर टाकले. पातळ, आणि हाताच्या मापापेक्षा लहान.

“हे कुणी दिले तुम्हाला?” मी विचारलं.

“मीच घेतले. घट्ट असले की नीट कळतं हाताला.”

मी कपाळाला हात लावला. घट्ट हातमोज्यानं बोटांतलं रक्त अडतं आणि बोटं दुप्पट गारठतात, हे मी गिऱ्हाइकांना रोज ओरडून सांगतो आणि माझ्या घरचाच माणूस ते घालून फिरतो.

मी एकेक जोड काढला. पातळ, मध्यम, जाड, आणि दोन-दोन बोटं एकत्र असलेला, ज्याला आम्ही खेकडा म्हणतो. मावशीची कसोटी ठरलेली होती. काकांनी जोडातला एक हातमोजा चढवून बादलीत हात घालायचा, तिनं दुसरा चढवून घालायचा, आणि डोळे मिटून तिनं सांगायचं की त्यांनी किती वेळा दाबलं. खेकडा पहिल्याच फेरीत बाद झाला. जाड जोड घातल्यावर ती बराच वेळ डोळे मिटून थांबली.

“दाबताय का?”

“केव्हाचा दाबतोय.”

“मला उशी धरल्यासारखं वाटतंय. नको हा.”

पातळ जोड मात्र तिला पसंत पडला. एक, दोन, तीन, सगळं बरोबर ओळखलं तिनं. मी जोड गुंडाळायला कागद काढला, आणि मग माझाच नियम मला आठवला: ज्याला हातमोजा घ्यायचा, त्याच्याच हाताची परीक्षा. “आता उलट,” मी म्हणालो. “मावशी दाबेल. काका, तुम्ही ओळखा.”

“त्याची काय गरज?” काका म्हणाले. “मला कळतं सगळं.”

“माझ्या दुकानात नियम म्हणजे नियम.”

काकांनी डोळे मिटले. बादलीतल्या बर्फाच्या खड्यांमधून मला दोघांचे हात स्वच्छ दिसत होते. मावशीनं एकदा दाबलं. “एक,” काका म्हणाले. तिनं पुन्हा एकदा दाबलं. “एक.” मग ती क्षणभर थांबली, माझ्याकडे बघून गालात हसली आणि तीनदा दाबलं.

“एक,” काका म्हणाले.

तिचं हसू तिथेच राहिलं. मग तिनं काहीच केलं नाही. तिची बोटं पाण्यात अगदी स्थिर होती. मी बघत होतो. काका डोळे मिटून, शहाण्या मुलासारखे बसले होते.

“एक,” ते म्हणाले.

मावशीनं हात बाहेर काढला. हातमोज्यातून पाणी टपकत होतं. काकांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं.

“केव्हापासून?” तिनं विचारलं.

“गेल्या हिवाळ्यापासून असेल.”

“मग खाली मला उत्तरं कशी देत होतात?”

“तू केव्हा विचारतेस ते मला पाठ आहे,” काका खाली बघत म्हणाले. “जाळीचा कोपरा आला की विचारतेस. खरवडणी बदललीस की विचारतेस. तेवढा अंदाज घेऊन मी दाबायचो.”

“मध्ये एकदा मी थांबा म्हणाले आणि तुम्ही पुढेच गेलात. मला वाटलं, नेहमीचा हट्ट.”

मला इतका राग आला की मी टेबलावर हात आपटला. माझी मावशी त्या काळोखात ज्या हाताच्या भरवशावर उतरत होती त्या हाताला तिचा पत्ताच नव्हता. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं हातानंच मला थांबवलं. ती रडली नाही, ओरडली नाही. छतावरच्या कवडशाकडे बघत राहिली.

“तो जाड जोड काढ,” ती शेवटी म्हणाली. “यांना एक माप मोठा.”

“मावशी, त्यातून तुला काहीच कळत नव्हतं.”

“बादलीत नव्हतं कळत. हे फुगीर रबर आहे, आत हवा भरलेली. खाली पाणी त्याला चेपतं. वर जेवढं जाड असतं त्याच्या निम्मं तिथे राहतं. आणि यांची बोटं आधी जिवंत तर राहू देत.” मग ती काकांकडे वळली. “एकदाच उतरायचं. मी विचारीन. चुकलात तर दोघंही बाहेर, कायमचे.”

“बरं,” काका म्हणाले. इतकं छोटं उत्तर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

उतरायचं ठरलं त्या सकाळी तलावावर धुकं होतं. फळ्यांचा धक्का पाण्यात जेवढा जात होता तेवढाच दिसत होता, पुढे सगळं पांढरं. मावशीनं थर्मासमधलं कोमट पाणी आधी काकांच्या हातमोज्यांत ओतलं, मग स्वतःच्या. काकांनी बोटं हलवून पाहिली. “वा,” एवढंच म्हणाले. मग दोघं हात धरून पायऱ्या उतरली आणि पाणी त्यांच्यावरून मिटलं.

मी धक्क्यावर मावशीच्या कमरेला बांधलेला दोर धरून बसलो. माझ्याच हट्टानं मी तिथे आलो होतो, पायाखाली पाणी आहे हे विसरायचा प्रयत्न करत. बुडबुडे येत होते. काही वेळानं मलाच वाटायला लागलं की धक्का सुटून धुक्यात तरंगतो आहे, आणि खाली कुठेतरी कुणीतरी कुणाला तरी विचारतं आहे. दोर माझ्या मुठीत श्वास घेतल्यासारखा हलत होता. मी त्याला हळूच एकदा दाबलं.

आणि दोघं वर आली. फार लवकर. जाळी अर्धीही झाली नसेल. संपलं, मी मनात म्हटलं. आता हे दोघं आयुष्यभर खिडकीवरून भांडणार.

मावशीनं मास्क कपाळावर चढवला, हातमोजे काढले आणि फळीवर बसली. मी दुसऱ्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून पुढे केला. तिनं तो घेतला नाही.

“कोपरा आला,” ती म्हणाली. “तिथे मी नेहमी विचारते. आज मुद्दाम विचारलं नाही. हात नुसता धरून ठेवला.”

“मग?”

“हे गप्प राहिले.”

मी काकांकडे पाहिलं. ते पायरीवर बसून हातमोज्यातलं पाणी काढत होते. बोटं लाल होती, सुरकुतलेली, पण लाल. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

“पुन्हा कोपरा आला. पुन्हा मी गप्प, हेही गप्प,” मावशी म्हणाली. “इतक्या वर्षांत मी काही बोलले नाही म्हणून हे गप्प राहिलेत असं पहिल्यांदा झालं. मग मधेच, जिथे कधीच काही विचारत नाही तिथे, मी तीनदा दाबलं. यांनी लगेच काम टाकलं आणि मला वर घेऊन आले.”

“मग सगळं बरोबरच झालं की,” मी म्हणालो. “जाळी अर्धी टाकून वर कशाला आलीस?”

“मला यांचं तोंड बघायचं होतं. खाली अंधार असतो.”

काकांनी कोमट पाण्याचा थर्मास उचलला, तिच्या हातमोज्यात पाणी ओतलं आणि तो तिच्यापुढे उघडा धरला. तिनं हात आत घातला.